सोबत्यांची पडताळणी

मंगळवारी दुपारी मशीनकाकांचं दुकान बंद असायचं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. एखादी नवखी बाई बिघडलेलं शिलाई मशीन उराशी धरून आलीच, तर शेजारचा चष्मेवाला तिला ओरडून सांगायचा, "उद्या या! आज काका दवाखान्यात गेलेत." मग ती बाई काळजीनं विचारायची, "अगंबाई, काय झालं त्यांना?" आणि चष्मेवाला म्हणायचा, "त्यांना काय धाड भरलीय! दुसऱ्यांजवळ बसायला गेलेत."

ते खरंच होतं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला एक शांत वॉर्ड होता. औषधांनी हात टेकलेली माणसं तिथे असायची. त्यातल्या कित्येकांना नातलग नव्हते, काहींना असून नसल्यासारखे होते. अशांजवळ बसायला 'सोबत मंडळ' होतं. काम एवढंच, की खाटेशेजारी खुर्ची ओढून बसायचं. पाणी पाजायचं, उशी सारखी करायची, पेशंटला बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं. आणि शेवटची घटका आली की हात हातात धरून बसायचं. या वॉर्डात कुणाला एकट्यानं मरण येता कामा नये, हा मंडळाचा बाणा. ऐकायला सोपं वाटतं ना? एकदा तासभर बसून बघा म्हणजे कळेल.

काकांची खुर्ची ऑपरेटरबाईंच्या खाटेपाशी असायची. बाईंनी उभा जन्म टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये काढला होता. लग्न केलं नाही, भाऊ होता तो आधीच गेला. आता हाडांची काडं झाली होती, पण जीभ शाबूत होती.

"आलात? उशीर केलात."

"बाई, घड्याळ बघा जरा. वेळेच्या आधी आलोय."

"मग त्या घड्याळालाही तेल घाला तुमच्या. सगळ्या गावाच्या मशीनींना घालता."

काका हसायचे. मग बाई जुन्या गोष्टी काढायच्या. कोण कुणाशी फोनवर काय बोलायचं ते मी ऐकत नव्हते हो, असं म्हणत म्हणत सगळं सांगायच्या. एके दिवशी मात्र त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, मला मरायची भीती नाही. एकटीनं मरायची आहे. शेवटी तुम्ही असाल ना?"

"असेन."

"मंगळवार नसला तर?"

"वार कुठलाही असू दे. सिस्टरनी निरोप धाडला की दुकान उघडं टाकून येईन."

"शब्द?"

"शब्द दिला, बाई."

त्या दिवशी काकांनीही मन मोकळं केलं. त्यांची लेक जन्मायच्या आधीची गोष्ट. तेव्हा ते एका कारखान्यात होते. मुकादमानं चारचौघांत आईवरून शिवी दिली, आणि यांनी हातातला पाना त्याच्या डोक्यात घातला. मुकादम जगला, पण एका कानानं कायमचा बहिरा झाला. काका तुरुंगात गेले. सुटल्यावर माफी मागायला मुकादमाच्या दारी गेले, तेव्हा त्यानं दार लावून घेतलं. पुन्हा गेले, पुन्हा लावलं. मग ते शहर सोडून इथे आले, मशीन दुरुस्तीचा धंदा शिकले, आणि पुढे आयुष्यात कुणावर आवाजसुद्धा चढवला नाही. हे सगळं फक्त बायकोला माहीत होतं, आणि आता ऑपरेटरबाईंना.

बाईंनी ऐकून घेतलं. "मारलंत ते वाईट केलंत," त्या म्हणाल्या. "बरं, आता पाणी द्या."

काकांना फार हलकं वाटलं. एवढ्या वर्षांत कुणी त्यांना इतक्या सरळ शब्दांत चूकही दाखवली नव्हती आणि पाणीही मागितलं नव्हतं.

काकांची एकुलती एक लेक त्याच रुग्णालयाच्या कचेरीत कामाला होती आणि मंडळाची चिटणीस होती. मुलगी मोठी गुणाची. कामात चोख, बोलण्यात स्पष्ट. बापाचा तिला कोण अभिमान! "सोबती कसा असावा, तर आमच्या बाबांसारखा," असं ती नव्या लोकांना सांगायची.

त्या सुमारास दुसऱ्या कुठल्याशा रुग्णालयात एक सोबती पकडला गेला. बेशुद्ध बायकांच्या बोटांतल्या अंगठ्या काढून घेत होता मेला. बातमी पसरली, आणि इथलं मंडळही धास्तावलं. चिटणीसबाईंनी ठराव मांडला: यापुढे प्रत्येक सोबत्याची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होईल.

थांबा, माझ्याबद्दल गैरसमज करून घेऊ नका. पडताळणी नकोच, असं मी म्हणत नाही. ज्याला हात हलवता येत नाही, ओरडता येत नाही, अशा माणसाशेजारी कुणालाही नेऊन बसवायचं का? डोळे उघडे ठेवून माणसं घेतलीच पाहिजेत. पण डोळे उघडे ठेवायचे म्हणजे बघायला नको का? मंडळानं नेमकं तेवढंच केलं नाही. ठरावात लिहिलं होतं की ज्याच्या नावावर कोणतीही नोंद सापडेल त्याला काम देऊ नये. कसली नोंद, कधीची, पुढे तो माणूस कसा वागला, हे विचारू नये. पोलिसांचं उत्तर फक्त अध्यक्षांनी बघावं, 'आहे' की 'नाही' एवढंच बघावं, आणि चर्चा करू नये. यात कुणाची अब्रू जाणार नाही, म्हणून सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती चर्चा न करण्याची कल्पना लेकीचीच होती, आणि तिला ती मनापासून सभ्यपणाची वाटली होती.

संध्याकाळी जेवताना तिनं पडताळणीच्या संमतीचा कागद पुढे ठेवला; सभेला काका नव्हते, आणि न विचारण्याचं कलम त्या कागदावर नव्हतं. "बाबा, पहिली सही तुमची."

काकांचा घास तसाच राहिला. आई घाईघाईनं म्हणाली, "अगं, त्यांचे गुडघे हल्ली फार धरतात. त्यांचं नाव काढूनच टाक ना या वेळी."

"काहीतरीच काय आई! बाबांनी सही केली की बाकीचे कुरकुरणार नाहीत. आणि सरळ माणसाला कसली भीती?"

काकांनी सही केली.

सकाळी लेक कामावर गेल्यावर आई मागच्या घरातून दुकानात आली. मशीनच्या टेबलाला धरून उभी राहिली. "कशाला केलीत सही? गुडघ्यांचं सांगून मोकळं व्हायचं होतं."

"बाईंना शब्द दिलाय मी."

"आणि पोरीला कळलं तर?"

"कळेल तर कळू दे. शिक्षा भोगून झालीय माझी. बोलावतील, विचारतील काय झालं होतं. मी सांगेन सगळं. माणसंच आहेत ना ती, ऐकतील."

"तुमचं म्हणजे ना," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

बोलावणं आलं ते एकट्या अध्यक्षांचं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त डॉक्टर, स्वभावानं मऊ माणूस. त्यांनी दार लावून घेतलं, काकांना चहा दिला, आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"काका, तुमच्या नावावर नोंद आहे."

"आहे साहेब. मी सांगतो काय झालं ते."

"नको, नको!" डॉक्टरांनी हात वर केले. "मला ऐकायचंच नाही. ऐकलं तर ते माझ्या मनात राहील, उद्या तुमच्याकडे बघताना डोळ्यांपुढे येईल. तुम्ही आमचे कसे आहात ते आम्हाला माहीत आहे. पण नियम म्हणजे नियम. प्रकृतीचं कारण सांगा आणि थांबा. तुमच्या मुलीला माझ्याकडून एक अक्षर कळणार नाही, माझी खात्री बाळगा."

"साहेब, एकदा विचारून तरी बघा."

"मी तुमच्या भल्यासाठीच म्हणतोय हो."

"त्या ऑपरेटरबाई आहेत ना... त्यांना मी शब्द दिलाय. बाकी काही नको मला. त्यांच्यापुरतं तरी येऊ द्या."

डॉक्टरांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण एकाला सूट दिली तर दुसऱ्यालाही द्यावी लागेल, असं ते म्हणाले, आणि बिल्ल्यासाठी हात पुढे केला. काकांनी शर्टावरचा बिल्ला काढून त्या हातावर ठेवला. आपण एका माणसाची अब्रू वाचवली, या समाधानात डॉक्टर त्या दिवशी घरी गेले. आता काय म्हणावं अशा चांगुलपणाला!

पुढच्या मंगळवारी दुपारी दुकान उघडं दिसलं तेव्हा चष्मेवाला चाटच पडला. "काय काका, आज इथे?"

"गुडघे," काका म्हणाले आणि मान खाली घालून स्क्रू पिळत राहिले.

घरी लेकीनं आधी काळजी केली, तेल आणून दिलं, मग चिडू लागली. आजकाल सोबती पुरत नव्हते. त्याच पंधरवड्यात आणखी चार-पाच जणं गळली होती. एकीला म्हणे नातू सांभाळायचा होता, एकाला नवी नोकरी लागली होती. निमित्तांना काय तोटा! पाळ्या रिकाम्या पडत होत्या, आणि ऑपरेटरबाई रोज विचारत होत्या.

"बाबा, अर्धा तास बसायला काय होतंय? मी रिक्षा बोलावते. बाई तुमच्या वाटेकडे डोळे लावून आहेत."

"नाही जमायचं, पोरी."

"दुकानाची पायरी चढता, तिथे नाही जमत?"

काका गुडघ्यांना तेल चोळू लागत. आई भांड्यांचा आवाज करत राही.

एकदा मात्र काका गेले. बिल्ल्याशिवाय वॉर्डात फक्त नातलगांना सोडत. दारावरचा पहारेकरी त्यांना चांगला ओळखत होता, त्याच्या बायकोचं मशीन काकांनीच तर नीट केलं होतं.

"काका, बिल्ला?"

"आज नाही आणला. पाच मिनिटं सोड रे. नुसतं तोंड दाखवून येतो."

"तुमचं नाव काढलंय म्हणून वरून निरोप आहे काका. माझ्या नोकरीवर येईल." तो बिचारा ओशाळून दुसरीकडे बघू लागला. "बाईंचे कोण लागता म्हणून लिहू? नातं सांगा काहीतरी, मी लिहितो."

खोटं सांगितलं असतं तर आत जाता आलं असतं. काका तिथे घुटमळले. भाऊ म्हणून सांगावं, असं ओठांवर आलंही होतं. पण आधीच एक नोंद, त्यात खोटं बोलून शिरल्याची दुसरी, आणि पकडलो तर लेकीच्याच टेबलावर जाणार, या भीतीनं ते मागे फिरले. त्या दिवशी ते कितीतरी वेळ रुग्णालयाच्या कुंपणालगत मागच्या खिडक्या बघत उभे होते. बाईंची खिडकी कुठली ते बाहेरून काही ओळखता येईना.

लेक आता स्वतः मधूनमधून बाईंजवळ बसे. बाईंचा आवाज खोल गेला होता.

"काका कुठंयत?"

"त्यांचे गुडघे दुखतात हो, बाई."

"गुडघे?" बाईंनी डोळे उघडले. "तुझा बाप गुडघ्यांना भिऊन शब्द मोडणारा नाही. त्याला कुणीतरी अडवलंय. विचारलंस का त्याला?"

"विचारलं ना. गुडघेच म्हणतात."

बाईंना पान्याची गोष्ट ठाऊक होती, आणि त्यापायीच काकांना अडवलं असेल हा अंदाजही आला असावा. पण दुसऱ्यानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट आपल्या तोंडून जाऊ द्यायची नाही, ही त्यांची जन्माची सवय. "नीट विचार गं," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि गुरुवारी, भर दुपारी, चहाच्या वेळेला, ऑपरेटरबाई गेल्या. त्या वेळेच्या पाळीला कुणीच नव्हतं. सिस्टर दुसऱ्या पेशंटला सुई देत होती. लेक त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, रिकाम्या पाळ्या कशा भराव्यात याचा तक्ता करत बसली होती. सिस्टर परत आली तेव्हा बाईंचा हात खाटेबाहेर खुर्चीच्या दिशेला आलेला होता. खुर्ची भिंतीला लावलेली होती. मंडळ सुरू झाल्यापासून त्या वॉर्डात एकटं गेलेलं हे पहिलं माणूस.

"सकाळपासून एकच चाललं होतं, काका आले का, काका आले का," सिस्टर डोळे पुसत म्हणाली. "मी आपली म्हणत होते, येतीलच."

लेक तडक दुकानात आली. काका एका मशीनचा पट्टा चढवत होते.

"बाई गेल्या!" ती किंचाळलीच. "एकट्या गेल्या, बाबा! शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होत्या. तुमच्या त्या गुडघ्यांपायी त्या एकट्या गेल्या! शब्द दिला होतात ना? माझ्यासमोर नव्हता दिला, पण त्यांनी मला सांगितलं होतं. लाज नाही वाटली तुम्हाला?"

काकांच्या हातातून पट्टा निसटला. ते उठायला गेले आणि पुन्हा बसले. मग दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकलं, आणि लेकीनं जन्मात पहिल्यांदा आपल्या बापाला हुंदके देताना ऐकलं.

आतून आई आली. "पुरे झालं! आणखी एक शब्द बोलशील त्यांना तर बघ! तुझ्याच नियमानं अडवलं त्यांना. तुझ्याच!"

"आई, काय बोलतेस तू?"

मग आईनं सगळं सांगितलं. पाना, मुकादम, तुरुंग, डॉक्टरांचा चहा, परत दिलेला बिल्ला, कुंपणाशी उभं राहणं. लेक स्टुलावर बसली.

"मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"तू लहान होतीस तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही," काका म्हणाले. "मोठी झालीस तेव्हा तुझ्या नजरेतून उतरायची भीती वाटली. वाटलं होतं, सभेत विचारतील, तेव्हा तुझ्यादेखत एकदाचं सांगून टाकीन. विचारलंच नाही गं कुणी."

ती उठून त्यांच्या पायांशी बसली, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून. तेलाचा वास येत होता. दारात आलेल्या चष्मेवाल्यानं आतलं बघितलं आणि मुकाट्यानं दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं.

पुढच्या सभेआधी तिनं बापाची परवानगी घेतली. "माझं नाव सांग," काका म्हणाले. "पण त्या मुकादमाचंही सांग. त्याचा कान गेला तो गेलाच. मी साधू होतो असं काही सांगू नकोस."

सभेत तिनं तसंच सांगितलं. डॉक्टर खाली बघत होते. बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद म्हणाले, "ताई, तुमच्या दुःखात आम्ही आहोत. पण नियम सैल केला आणि उद्या काही झालं, तर जबाबदार कोण?"

"आणि परवा जे झालं, त्याला कोण?" तिनं विचारलं. "मी आहे. नियम मी लिहिलाय. पडताळणी बंद करा असं मी म्हणतच नाहीये. दुबळ्यावर हात टाकणारा, आजाऱ्याला लुबाडणारा, तो इथे नको म्हणजे नको. पण तो कोण आणि माझे बाबा कोण, हे आपण बघणार आहोत की नाही? काय केलं, कधी केलं, त्यानंतर कसा वागला, आणि या कामात त्याचा धोका आहे का, हे त्याला समोर बसवून विचारा. त्याची बाजू ऐका. मग नाही म्हणायचं तर तोंडावर नाही म्हणा, कारण सांगून म्हणा. नुसतं 'आहे' ऐकून माणसाला दाराबाहेर काढायचं आणि वर त्यालाच खोटं बोलायला लावायचं, हा कसला सभ्यपणा?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ठराव मात्र बदलला. डॉक्टर तिच्यामागे जिन्यापर्यंत आले. "मी त्यांचं ऐकायला हवं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, न ऐकण्यातच त्यांचा मान आहे."

"आणखी कुणाकुणाला थांबवलंत, डॉक्टर?"

त्यांनी अडखळत नावं सांगितली.

लेक त्या नावांतल्या ज्या पहिल्या घरी गेली, ते एका इस्त्रीवाल्या बाईंचं होतं. नातू सांभाळायचा म्हणून थांबलेल्या त्याच. खोलीच्या दाराशीच टेबल मांडून त्या चादरी इस्त्री करत होत्या. लेकीला बघताच त्यांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोला, ताई. सुनेला माहीत नाही काही."

"मी चुकले, हे सांगायला आलेय," लेक तितक्याच हळू म्हणाली. "आणि काय झालं होतं ते तुमच्याकडून ऐकायला. तुमची इच्छा असेल तरच."

बाईंनी इस्त्री उभी केली. मग त्यांनी विचारलं, "त्या टेलिफोनवाल्या बाई... एकट्याच गेल्या म्हणतात. खरं का?"

"खरं."

"कुठल्या वारी?"

"गुरुवारी. दुपारी, चहाच्या वेळेला."

इस्त्रीवाल्या बाईंनी समोरच्या चादरीवर दोन्ही हात टेकले. "ती माझी पाळी होती, ताई," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारची. मी इथेच होते. मोकळीच होते हो मी."